छावणी उठल्यावर

जालना शहरात ‘कदीम जालना’ आणि ‘सदर बाजार’ या नावांची दोन पोलीस ठाणी आहेत. पहिल्या नावातला ‘कदीम’ हा अरबीतून आलेला शब्द म्हणजे जुना, पूर्वापार. कुंडलिका नदीकाठची जी मूळ वस्ती, ती कदीम जालना. दुसऱ्या नावातला ‘सदर’ म्हणजे मुख्य. सदर बाजार हे नाव साताऱ्यात आहे, सोलापुरात आहे, कोल्हापुरात आहे, नागपुरात नुसते ‘सदर’ म्हणून आहे. आणि जिथे ते आढळते तिथे बहुधा एकच गोष्ट सांगते. इथे एकेकाळी इंग्रजांच्या हुकमातली फौज राहत होती आणि त्या फौजेला दाणागोटा, कापडचोपड, तेलमीठ पुरवणारी पेठ तिच्या शेजारी वसली होती. जालन्याची फौज १९०३च्या सुमारास उठून गेली. तिचे नाव आता कुणाच्या तोंडी नाही. पेठेचे नाव मात्र रोज हजारो तोंडी आहे.

ही गोष्ट मला जालन्यापुरती वाटत नाही. मराठी प्रदेशातल्या जुन्या लष्करी छावण्यांकडे, त्यांतल्या बराकींकडे, बंगल्यांकडे, परेडच्या मैदानांकडे आपण दोनच दृष्टींनी पाहत आलो आहोत. एक दृष्टी हळहळीची: काय ते भक्कम बांधकाम, काय ती शिस्त, काय ती झाडांची रांग! दुसरी दृष्टी तिटकाऱ्याची: गुलामगिरीच्या खुणा आहेत, पाडल्या तर बिघडले कुठे? दोन्ही दृष्टी वरवर परस्परविरोधी असल्या तरी त्यांचे एका गोष्टीवर एकमत आहे. दोघींच्याही लेखी छावणीचा इतिहास म्हणजे सैन्याचा इतिहास, आणि सैन्य गेले की तो संपला. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. मराठी समाजाच्या आणि मराठी साहित्याच्या दृष्टीने छावणीचा महत्त्वाचा इतिहास सैन्य उठल्यावर सुरू होतो. निदान, सैन्याच्या कामातून सुटलेली माणसे आणि सुटलेल्या जागा जेव्हा दुसऱ्या कामाला लागतात तेव्हा सुरू होतो. तो लिहिला गेलेला नाही. आणि तो न लिहिण्याची किंमत आपण, विशेषतः साहित्य शिकणारे आणि शिकवणारे, मोजत आहोत.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘छावणी’ हा शब्द आपला आहे. छावणे म्हणजे छप्पर घालणे, शाकारणे. मराठी फौजा पावसाळ्यात मोहीम थांबवून एखाद्या सोयीच्या गावाजवळ गवताचे, पाल्याचे छप्पर करून राहत, ती छावणी. म्हणजे छावणीच्या मूळ अर्थातच तात्पुरतेपणा आहे. दसऱ्याला ती मोडायचीच असते. ‘बराक’ हा शब्द इंग्रजीतून आला, इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला आणि त्यामागे स्पॅनिश ‘बर्राका’ आहे, ज्याचा अर्थ झोपडी. गंमत अशी की दोन दूरच्या भाषांतल्या दोन शब्दांच्या मुळाशी एकच वस्तू आहे: कच्चे, हंगामी छप्पर. इंग्रजी अमलात मात्र छावणी कायमची झाली आणि बराक दगडाविटांची झाली. शब्दांनी आपले मूळ सोडले नाही, इमारतींनी सोडले.

याच शब्दांचा अर्थ पाहायला आपण ज्या कोशाकडे जातो, तो मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, त्याचाही जन्म लष्करी ठाण्यातला आहे. जेम्स मोल्सवर्थ आणि थॉमस कँडी हे दोघे कंपनीच्या फौजेतले तरुण अधिकारी. १८१८च्या सुमारास सोलापूरला असताना त्यांनी आपल्या उपयोगासाठी शब्द जमवायला सुरुवात केली. पुढे सरकारी पाठबळ मिळाले, मराठी पंडितांचे साहाय्य मिळाले आणि १८३१ साली कोश छापून निघाला; १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण हा कोश ग्रंथालयातली वस्तू म्हणून शिकवतो. तो फौजेच्या मुक्कामात सुरू झाला हे सांगत नाही, कारण छावणी ही आपल्याला साहित्याबाहेरची जागा वाटते.

आता जालन्याच्या छावणीचा थोडक्यात वृत्तान्त. १८०३च्या सप्टेंबरात, दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या धामधुमीत, कर्नल स्टीव्हन्सनने शिंद्यांकडून जालन्याचा किल्ला घेतला. त्याच महिन्याच्या २३ तारखेला, आज जालना जिल्ह्यातच असलेल्या असई गावाजवळ आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतरच्या काळात जालना हे निजामाच्या मुलखातले कंपनीच्या फौजेचे महत्त्वाचे ठाणे बनले. १८०९ साली मद्रास फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीच आपल्या सरकारविरुद्ध बंडाचा पवित्रा घेतला, त्या प्रकरणात जालन्याच्या तुकडीचे नाव येते. १८१७च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई होऊन नागपूरच्या रेसिडेन्सीवर संकट आले, तेव्हा डव्हटनची फौज मदतीला निघाली ती जालन्याहून. छावणीच्या उभारणीचे साल गॅझेटियर १८२७ असे देते.

पुढे इथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे ठाणे होते. ही फौज समजून घेतल्याखेरीज मराठवाड्यातली कोणतीच जुनी छावणी समजत नाही. रेसिडेंट हेन्री रसेलच्या काळात, १८१३च्या सुमारास, तिची मुळे रुजली. नाव निजामाचे, खर्च निजामाचा, अधिकारी इंग्रज आणि हुकूम रेसिडेंटचा, असा तो प्रकार होता. खर्चाची बाकी तुंबत गेली आणि १८५३च्या तहाने त्या बाकीपोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी करार करून वऱ्हाड सालीना २५ लाख रुपये खंडाने कायमचा पट्ट्यावर घेतला, आणि लगोलग १९०३ साली ही फौज स्वतंत्र फौज म्हणून मोडून हिंदुस्थानी सैन्यात मिसळून टाकली. जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, ही तिची ठाणी त्यानंतर लष्करी नकाशावरून पुसली गेली. म्हणजे जालन्याची छावणी कुणा शत्रूच्या हल्ल्याने उठली नाही; एका हिशेबाच्या मिटवणुकीने उठली. ज्या वऱ्हाडाच्या महसुलावर ती पोसली गेली, ते वऱ्हाड आणि ज्या मराठवाड्यात ती राहिली, तो मराठवाडा, दोन्ही आज एकाच राज्यात आहेत. पण या दोन प्रदेशांना जोडणारा हा दुवा शाळेच्या इतिहासात सापडत नाही.

या फौजेतली माणसे कोण होती? अधिकारी गोरे, पण शिपाई आणि स्वार देशी. घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. म्हणजे घोडा स्वाराचा किंवा ज्याच्या नावावर असामी त्याचा. शिलेदार आणि बारगीर हे शब्द आपण शिवकाळाच्या आणि पेशवाईच्या संदर्भात शिकवतो, पण ती व्यवस्था कंटिंजंटच्या घोडदळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत नांदत होती. हिंगोलीत ‘रिसाला बाजार’ हे नाव अजून आहे, ते याच घोडदळाचे. १८५७च्या जून महिन्यात औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) याच फौजेच्या स्वारांत असंतोष उफाळला, पुण्याच्या बाजूने आलेल्या पलटणीने तो मोडला आणि देहांताच्या शिक्षा झाल्या. आणि दुसऱ्याच वर्षी याच फौजेच्या इतर तुकड्या ह्यू रोझच्या बाजूने झाशी आणि काल्पीच्या मोहिमेत लढत होत्या. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आपण झाशीच्या तटाच्या आतून वाचतो. तटाच्या बाहेर जी फौज होती, तिच्यात मराठवाड्यातल्या छावण्यांतून गेलेले लोकही होते, हे वर्गात सांगितले तर त्या पुस्तकाचे वाचन अवघड होईल. पण खरेही होईल.

इथे एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. आपण ‘जुनी बराक’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे उंच छताची, दोन्ही बाजूंना व्हरांडा असलेली लांबच लांब इमारत येते. ती मुख्यतः गोऱ्या शिपायांसाठी असे. हिंदुस्थानातल्या इंग्रज सैनिकांत लढाईपेक्षा रोगराईने माणसे जास्त मरत होती. १८५९ साली नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ साली अहवाल दिला. त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा अभ्यास आणि आग्रह होता. त्यानंतर माणशी किती हवा, किती जागा, जोते किती उंच, झरोके कुठे, याचे हिशेब होऊन नव्या बराकी बांधल्या गेल्या. देशी शिपाई मात्र बहुतेक ठिकाणी ‘लाइनीत’ राहत. त्यांना झोपडीसाठी थोडा भत्ता मिळे आणि मातीची, गवताने शाकारलेली खोली त्यांनीच उभारायची असे. आजच्या ‘पोलीस लाइन’ या शब्दात ती लाइन शिल्लक आहे.

याचा परिणाम असा की, कंटिंजंटच्या कुठल्याही ठाण्यात काळाच्या ओघात दगडाचे जे टिकले ते अधिकाऱ्यांचे, शस्त्रागाराचे किंवा चर्चचे. शिपायाची वस्ती पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत मातीत मिसळली. तेव्हा नुसत्या उभ्या इमारतींवरून छावणीचा इतिहास लिहू गेलो तर तो आपोआप गोऱ्या अधिकाऱ्यांचा होतो. वारशाच्या नावाने आज जी जतनाची भाषा बोलली जाते, तिच्यातला हा अंगभूत दोष आहे. जे टिकले ते मोलाचे, असे ती धरून चालते. पण जे टिकले नाही ते गरिबाचे होते म्हणून टिकले नाही. त्याची नोंद दगडात मिळणार नाही. ती नावांत, कागदांत आणि माणसांच्या बोलण्यात शोधावी लागेल.

जालन्यापुरते पाहिले तर अशी एक नोंद छावणीच्या आसऱ्याने आलेल्या मिशनच्या कामात आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबातले. १८४३ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे धर्मोपदेशक म्हणून ते १८६०च्या दशकात जालन्यास आले. पुढे निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी शहराजवळ ‘बेथेल’ नावाची वसाहत उभारली. तिथे प्रामुख्याने मांग, महार समाजांतून आलेली कुटुंबे राहिली. १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत डोक्याला पागोटे बांधलेला हा मराठी माणूस आपल्या जालन्याबद्दल बोलत होता. धर्मांतराच्या प्रश्नावर वाचकांचे जे मत असेल ते असो. गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःच्या नावावर घर आणि मुलांना अक्षर देणारी जागा एकोणिसाव्या शतकात मराठवाड्यात कुठे होती, याचा शोध घेताना छावणीच्या गावाशी यावे लागते, एवढेच इथे सांगायचे आहे.

हीच गोष्ट दापोलीला अधिक ठळकपणे दिसते, आणि जालन्याच्या कागदांत काय शोधायचे याची दिशाही तिथेच मिळते. कोकणच्या दक्षिण भागातले इंग्रजी ठाणे म्हणून दापोलीची छावणी वसली. कामाचे सैन्य तिथून लवकरच हलले. उरले ते वृद्ध आणि पेन्शनीत निघालेले शिपाई. ‘कॅम्प दापोली’ हे नाव त्यांच्यामुळे टिकले. या पेन्शनरांत महार शिपायांची वस्ती मोठी होती. त्यांतलेच गोपाळबाबा वलंगकर. १८८६ साली ते फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीस राहू लागले. १८८८ साली त्यांची ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका आली. अस्पृश्यतेला शास्त्राधार काय, असे प्रश्न त्यांनी थेट धर्माचार्यांना विचारले. दापोलीतच त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ काढली. महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर १८९४ साली सरकारला द्यायचे विनंतीपत्र त्यांनी तयार केले. दलित साहित्याचा इतिहास शिकवताना वलंगकरांचे नाव आपण घेतो. पण त्यांना लिहायला वाचायला कुठे मिळाले, वाचकवर्ग कुठे मिळाला, मंडळी भरवायला चार माणसे कुठे मिळाली, हे विचारत नाही. या सर्व प्रश्नांचे उत्तर एकच आहे: फौजेत आणि फौज उठून गेलेल्या छावणीत.

पुढची पिढी आपल्या परिचयाची आहे. रामजी सकपाळ हे फौजेतले सुभेदार आणि लष्करी शाळेतले शिक्षक. त्यांचा मुलगा भीमराव १८९१ साली महू या छावणीच्या गावी जन्मला. पेन्शनीनंतर हे कुटुंब दापोलीच्या कॅम्पात आले, मग साताऱ्यास गेले. तेही छावणीचेच गाव. फौजेतल्या शिपायांच्या मुलामुलींना सक्तीने शिक्षण मिळे, त्यामुळे आपल्या घरी लिहिणे-वाचणे आले, हे बाबासाहेबांनी स्वतः नोंदवले आहे. छावणीची हद्द संपली की मात्र शाळेतली जागा गोणपाटावर आणि पाणी वरून ओतलेले. म्हणजे छावणी ही काही समतेची जागा नव्हती. तिथेही पलटणी जातीनुसार होत्या आणि १८९२च्या सुमारास महारांना तिने दारच बंद केले. पण एक पिढीभर तिने जे अनवधानाने दिले, ते गावाने जाणूनबुजून दिले नव्हते.

विसाव्या शतकात बराक आणि शिक्षण यांची गाठ पुन्हा पडली, ती या मुलाच्याच हातून. १९४६च्या जून महिन्यात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. फोर्टातल्या इमारती पुढच्या. सुरुवात झाली मरीन लाइन्सजवळ, युद्धकाळात बांधलेल्या लष्करी बराकींत. महायुद्ध संपले होते, सैन्य उठले होते, बराकी मोकळ्या होत्या. छावणीत जन्मलेल्या माणसाने बराकीत महाविद्यालय उघडले यातले नाट्य रंगवण्याची गरज नाही. गरज आहे ती यामागचा व्यवहार समजण्याची. ज्यांच्यापाशी वाडे नाहीत, देणगीदार सरदार नाहीत, देवस्थानांच्या जमिनी नाहीत, त्यांना मोठी जागा मिळते ती सरकारने सोडलेली. तीच गोष्ट जालन्यापासून साठएक किलोमीटरवरच्या औरंगाबादेत १९५० साली घडली. कंटिंजंटचे जे ठाणे १९०३ नंतरही छावणी म्हणून टिकले, त्या भागात नव्या महाविद्यालयाचे सुरुवातीचे वर्ग भरले; मग नागसेनवनात स्वतःच्या इमारती झाल्या आणि त्याचे नाव मिलिंद महाविद्यालय झाले. १९५५ साली प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक तिथे झाले. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ याच शहरातून दशकानुदशके निघत राहिले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, जालन्याच्या परिसरातूनही, मुले शिकायला आली ती या आवारात. ज्या प्रवाहाला आपण आज दलित साहित्य म्हणून अभ्यासक्रमात मानाची जागा देतो, त्याच्या घडणीच्या वाटेवर महू, दापोली, सातारा, मरीन लाइन्स, औरंगाबाद अशी छावण्यांची रांग आहे. हा योगायोग नव्हे; ज्यांना गावात जागा नव्हती त्यांच्या वाटेवरचे हे मुक्काम आहेत.

बराकीचा दुसरा मोठा नागरी उपयोग निर्वासितांसाठी झाला, आणि त्याबाबत मराठी साहित्याचे मौन अधिक बोलके आहे. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्कराचा मोठा संक्रमण तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना तिथल्या बराकींत आणून ठेवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. पण लोकांच्या बोलण्यात पत्ता अजून ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ असाच आहे. शिपायांच्या खाटा ओळीने लावायच्या म्हणून बांधलेल्या लांब दालनांत गोणपाटाचे, चादरींचे आडोसे करून कुटुंबे राहिली. मग आडोशाची भिंत झाली, व्हरांड्याची खोली झाली, खोलीचे दुकान झाले, दुकानावर मजला चढला. ज्या जागेची मालकी, नकाशा, परवानगी यांपैकी कशाचाच नीट मेळ नव्हता, तिथे एक उद्योगनगर उभे राहिले; आणि त्यातल्या अनधिकृत बांधकामांसाठी राज्याला २००६ साली खास उल्हासनगरपुरता कायदा करावा लागला. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात हीच गोष्ट वेगळ्या क्रमाने झाली. तिथला कॅम्प लष्करी नव्हता. १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित तिथल्या बराकवजा घरांत राहिले, आणि ते गेल्यावर सिंधी निर्वासित आले. त्याचे गांधीनगर झाले, कापडाची मोठी बाजारपेठ झाली. एका निर्वासिताने रिकामी केलेली खोली दुसऱ्या निर्वासिताला मिळाली. इतक्या मोठ्या मानवी उलथापालथी महाराष्ट्राच्या भूमीवर झाल्या आणि फाळणीचे साहित्य म्हटले की आपण उर्दू, पंजाबी, बंगालीकडे बोट दाखवतो. आपल्या शेजारच्या बराकीत ती फाळणी राहायला आली होती, हे आपल्या कथेला फारसे दिसलेच नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. बराकीच्या नागरी उपयोगाचे असे गोडवे गायचे कारण काय? बराक ही माणसांना ओळीत ठेवण्यासाठी, मोजण्यासाठी, नजरेखाली राखण्यासाठी केलेली रचना आहे. मराठीत ‘बराक’ म्हटले की पहिल्यांदा तुरुंगच आठवतो, तो उगाच नव्हे. जालना आणि हिंगोली या दोन्ही गावांत आज राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत; म्हणजे गणवेश बदलला तरी गावाची ठेवण बदलली काय? निर्वासितांना बराकीत ठेवणे ही दया होती की सोय? या आक्षेपात तथ्य आहे. रचनेला स्वतःचा स्वभाव असतो आणि नवा रहिवासी तो सहजासहजी पुसू शकत नाही. उल्हासनगरच्या पहिल्या वर्षांत एका दालनात दाटीने राहिलेल्या बायकांना आडोसा म्हणजे काय, हे आपण विचारायला हवे होते. पण म्हणूनच ‘वापर’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. वास्तूचा हेतू बांधणारा ठरवतो, तिचा अर्थ वापरणारा घडवतो, आणि या दोहोंतली ओढाताण हाच तिचा इतिहास असतो. मजकुराच्या बाबतीत हे तत्त्व आपण वर्गात शिकवतो. लेखकाच्या हेतूपाशी अर्थ संपत नाही, वाचक तो पुढे नेतो, असे सांगतो. तेच तत्त्व गावातल्या जुन्या इमारतीला लावताना आपण कचरतो आणि तिच्या बांधकामाच्या सालापाशी थांबतो.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. जालन्यासारख्या वाढत्या शहराला, जिथे पोलाद आहे, बियाण्यांचा उद्योग आहे, १९८१पासून जिल्ह्याचे ठिकाण आहे, तिथे दीडशे वर्षांच्या पडक्या भिंती सांभाळत बसणे परवडणारे आहे काय? माझे उत्तर असे की, प्रत्येक भिंत सांभाळावी असा माझा आग्रहच नाही. ज्या शाळेचे छत गळते तिला जुन्या लष्करी इमारतीत राहायला लावणे हे काही जतन नव्हे. पण पाडण्याआधी नोंद करणे हे परवडण्याजोगे आहे, आणि तेच होत नाही. इमारत कोणत्या साली बांधली याची पाटी आपण लावतो. तिच्यात त्यानंतर कोण कोण राहिले, कोणत्या शाळेचे वर्ग भरले, कोणते दवाखाने चालले, कोणती कुटुंबे जन्मली-वाढली, याची यादी करत नाही. मोजमाप, छायाचित्रे आणि रहिवाशांची यादी, या तीन गोष्टी झाल्याखेरीज कोणतीही जुनी लष्करी वास्तू पाडू नये, एवढा नियम कोणत्याही नगरपालिकेला, महानगरपालिकेला झेपेल.

आणि उरलेले काम आपले आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांतून दरवर्षी असंख्य प्रबंध आणि प्रकल्प होतात. एकाच कादंबरीतील स्त्रीचित्रणावर दहावा प्रबंध लिहिण्याऐवजी एखाद्या विद्यार्थ्याने सदर बाजारातल्या गल्ल्यांची नावे गोळा करावीत. कोणते नाव पलटणीचे, कोणते कसबाचे, कोणते जातीचे, हे तपासावे. दुसऱ्याने जुन्या शाळेच्या दाखलखारिज वह्यांत वडिलांचा धंदा ‘पेन्शनर’ असा कुठे दिसतो ते पाहावे. तिसऱ्याने जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या मराठी लेखांची भाषा अभ्यासावी. चौथ्याने पोलीस लाइनीत वाढलेल्या मुलांच्या बोलीतले लष्करी शब्द टिपावेत. हे भाषेचे काम आहे, साहित्याचे काम आहे. त्यासाठी इतिहास विभागाची परवानगी लागत नाही. आणि हे काम लवकर केले पाहिजे, कारण दगड थांबतात तितकी वर्षे माणसे थांबत नाहीत. ज्यांनी आजोबांच्या तोंडून ‘कंटिंजंट’ हा शब्द ऐकला असेल अशी माणसे आता फारच थोडी उरली असतील.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जालन्यात अभिमानाने सांगितली जाते. त्या पाळण्यात कोण कोण वाढले, हे सांगताना आपण व्यापारी सांगतो, उद्योजक सांगतो, संत सांगतो. छावणीच्या लाइनीतली, बेथेलमधली, सदर बाजारातल्या मागच्या गल्लीतली माणसे त्या यादीत यायची आहेत. ती आल्याखेरीज मराठवाड्यातल्या मराठी लेखनाचा इतिहास पुरा झाला असे म्हणता येणार नाही.